दुसरी-तिसरीच्या पोरांची वाचनचाचणी घेताना काय काय झालं

मी शिक्षणात संशोधन करते असं सांगितलं की नातेवाईक विचारतात म्हणजे शाळेत शिकवतेस का, नाही म्हणलं की मग पेपर काढतेस का, आणि आता या दुसऱ्या प्रश्नाला मला हो म्हणावं लागतं. गेलं दीड वर्ष आमची पाच जणांची टीम मराठी माध्यमातल्या दुसरी-तिसरीच्या पोरांसाठी एक वाचनाची चाचणी बनवतीये, मुंबईत गोवंडी-मानखुर्दकडच्या काही शाळांमध्ये. लेखी नाही, तोंडी. पोरगं समोर बसतं, आपण कार्ड देतो, ते वाचतं, चुकलं की आपण टॅबवर खूण करतो, बास. एका पोराला दहा-बारा मिनिटं. कागदावर तरी इतकं सोपं होतं.

सुरुवात अशी झाली की आमच्या टीमच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, किती पोरांना वाचता येतं याचा मुंबईचा आकडा काय आहे? मी म्हणलं असरमध्ये बघते. असर बहुतेकांना माहीत असेल, २००५ पासून प्रथम संस्था करते तो सर्व्हे, ज्याची बातमी येते की पाचवीतल्या इतक्या मुलांना दुसरीचं वाचता येत नाही. २०२२ चा आकडा तर मला पाठच झालाय, देशभरात तिसरीतली फक्त २०.५ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती, कोविडच्या आधी २०१८ ला हेच २७.३ होतं. पण असर हा ग्रामीण भागाचा सर्व्हे आहे. प्रथमचं काम नव्वदच्या दशकात सुरू झालं ते मुंबईच्याच वस्त्यांमधून, बालवाड्यांपासून, आणि त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या सर्व्हेत मुंबईच नाही! मग मॅडम म्हणाल्या आपणच करू छोटंसं काहीतरी. ते 'छोटंसं' अजून चालूये.

आता चाचणी कुठली घ्यायची. असरचं कार्ड मला मनापासून आवडतं कारण त्यात घड्याळ नाही. आधी परिच्छेद देतात, पोराला तो जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, शब्द नाही आले तर अक्षरं, आणि जिथे ते स्थिरावतं ती त्याची पातळी. स्वयंसेवक घरी जातो, ओट्यावर बसतो, निवांत काम. पण आम्हाला एका वर्षात पोर किती पुढे सरकलं हे बघायचं होतं आणि पाच पायऱ्यांच्या जिन्यावर बारीक हालचाल दिसत नाही. म्हणून आम्ही 'एग्रा'च्या (अर्ली ग्रेड रीडिंग असेसमेंट, म्हणजे लहान वर्गांची वाचनचाचणी) वाटेने गेलो. २००६ च्या सुमारास ही पद्धत अमेरिकेत आरटीआय नावाच्या संस्थेने बांधली आणि मग जगभरच्या कितीतरी भाषांमध्ये ती वापरली गेली. शंभर अक्षरांचा तक्ता, पन्नास अर्थ नसलेले शब्द, मग एक उतारा आणि त्यावर पाच प्रश्न. अक्षरं, शब्द, उतारा, प्रत्येकाला साठ सेकंद. स्टॉपवॉच.

परवानगीचं फार सांगत नाही. एका कार्यालयात चार फेऱ्या झाल्या, पाचव्या फेरीला टेबलामागच्या साहेबांनी पत्र पूर्ण वाचलं आणि एकच प्रश्न विचारला, निकाल वाईट आला तर? मी म्हणलं सर, शाळेचं नाव कुठेच येणार नाही. ते म्हणाले, तसं लिहून द्या. दिलं.

मग पालकांची संमती. संमतीपत्र मीच लिहिलं होतं, "सदर संशोधनामध्ये आपल्या पाल्याचा सहभाग पूर्णतः ऐच्छिक स्वरूपाचा असून" वगैरे, आणि मला ते लिहिताना काहीच वाटलं नाही हे आता आठवलं की कसंतरीच होतं. शाळा सुटायच्या वेळी गेटवर उभी राहून मी आयांना ते कागद देत होते. एकीने घेतला, बघितला, पदराला हात पुसून पेन मागितलं आणि नीट, सावकाश, पूर्ण नाव सही केलं. मी विचारलं, वाचलंत ना ताई? तर हसून म्हणाली, सही येते फक्त. बाजूला तिचा मोठा मुलगा होता, फॉर्मवर 'आईचे शिक्षण' असा रकाना होता त्यात त्याने मला 'आठवी लिहा' सांगितलं. जनगणनेत सात किंवा त्याहून जास्त वर्षांच्या ज्या माणसाला कुठल्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येतं तो साक्षर, अशी व्याख्या आहे, पण कोणी कोणाच्या हातात कागद देऊन वाच म्हणत नाही, घरातलं जे कोणी दारात येतं ते सगळ्यांचं सांगतं. म्हणजे ही बाई या मुलाच्या तोंडून साक्षर झाली असणार. मी तिला ते पत्र तिथेच वाचून दाखवलं आणि वाचता वाचता माझं मलाच कळेना की ऐच्छिक म्हणजे काय सांगू. शेवटी म्हणलं, तुमच्या पोरीला वाचायला लावणार आहे, तिला नको असेल तर उठून जाऊ दे. "मग ठीक आहे की," म्हणाली. त्या रात्री पत्र पाच ओळींचं केलं.

शाळेत बसायला जागा मिळाली जिन्याखाली, कपाटं आणि मोडक्या बाकांच्या मध्ये. दुपारची शिफ्ट. बाईंना आधी वाटलं आमचं इन्स्पेक्शन आहे. कितीही समजावलं तरी पहिल्या दिवशी हजेरीपटावरून दर पाचवं नाव घेऊन आम्ही काढलेल्या पोरांऐवजी वेगळीच पोरं यायला लागली, केस विंचरलेली, पावडर लावलेली, आणि सगळीच हुशार. 'हिला घ्या, ही छान वाचते.' बाईंचं मी समजू शकते, एका वर्गाला चाळीसच्या वर पोरं आणि वर्षभर कोण ना कोण येऊन मोजून जातं. पण दर पाचवं नाव म्हणजे दर पाचवंच नाव, त्याला इलाज नाही. ते पटवण्यात दोन दिवस गेले, नंतर याच बाई आमच्या सगळ्यात मोठ्या मदतनीस झाल्या ते पुढे येईलच.

पहिला दणका अक्षरांच्या तक्त्यात बसला. पोरगी समोर, मी स्टॉपवॉच लावलं, पहिलं अक्षर क. ती म्हणाली, "क कमळाचा." बरोबर. पुढचं ब. "ब बदकाचा." न. "न नळाचा." सगळं बरोबर, ठणठणीत आवाजात, आणि साठ सेकंदात तिची अक्षरं झाली सव्वीस. तिच्या मागून आलेल्या पोराने नुसतं क, ब, न, ट करत चाळीस केली, त्यात सहा चुकली. हिशेबात पोरगा पुढे. म्हणजे जिला बाईंनी नीट शिकवलं, जिने ते नीट लक्षात ठेवलं, तीच मागे पडली. इंग्रजीतून आणलेल्या चाचणीला हे कमळ आणि बदक माहीतच नव्हते. आम्ही सूचना बदलली, 'कमळाचा नको, फक्त क म्हण', सरावाला तीन अक्षरं दिली, तरी काही पोरं जोरात क आणि मग ओठातल्या ओठात कमळाचा म्हणतातच, ते पिढ्यान्‌पिढ्या आहे, एका सूचनेने जात नाही.

दुसरा दणका त्याहून मूर्खपणाचा आणि पूर्ण आमचा. एका शाळेत तीन पोरं एकाच जागी अडली, ल वर. मला कळेना, ल तर सोपा. एकाने कार्ड माझ्याकडे फिरवून विचारलं, "टीचर, हे काय आहे?" मी बघितलं आणि कपाळाला हात लावला. छापणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर आमचा फॉन्ट नव्हता, त्याने दुसरा लावला, आणि त्यात ल आणि श हिंदी वळणाचे होते. आपल्याकडे पाकळीचा ल आणि देठाचा श, पुस्तकातही तेच, त्यावर शासनाचा जीआरसुद्धा आहे. मोठ्या माणसाला फरक जाणवतही नाही, आपण दोन्ही वाचत मोठे झालो. पण सात वर्षांच्या पोराने आत्ता कुठे एका ल शी ओळख केलीये, त्याच्यासाठी हे वेगळंच अक्षर. ती सगळी कार्डं रद्दीत गेली आणि त्या दिवसाचा सगळा डेटाही.

अर्थ नसलेल्या शब्दांची तर वेगळीच मजा. ते का घ्यायचे तर ओळखीचा शब्द पोर चित्रासारखा आठवून सांगू शकतं, अनोळखी जोडणी मात्र अक्षरं जुळवूनच वाचावी लागते. आमच्यातल्या एकाने कॉम्प्युटरला अक्षरं ढवळायला सांगितली आणि यादी काढली, त्यात तीन शिव्या निघाल्या. त्या काढल्या. उरलेल्यात बघावं तर दोन अक्षरांचं काहीही लिहा, मराठीत नाहीतर हिंदीत नाहीतर गल्लीत त्याला अर्थ असतोच, एक शब्द वाचून पोरगं खो खो हसलं कारण ते त्याच्या मामाचं टोपणनाव होतं. शिवाय पोरं फार दयाळू असतात, चुकीचा छापलेला शब्द ती मनाने दुरुस्त करतात. 'राटी' लिहिलं तर 'रोटी' वाचणार. त्याला चूक द्यायची का? नियमाने द्यायची. दिली. पण ज्या पोराला 'हे काहीतरी अर्थाचं असणार' इतका वाचनावर विश्वास आहे त्याला चूक देताना बोट अडखळतं.

मग आला सगळ्यात मोठा वाद, पाणी की पानी. या वस्त्यांमध्ये मराठवाड्यातून आलेली घरं आहेत, विदर्भातली आहेत, कोकणातली आहेत, घरात हिंदी बोलणारीही आहेत आणि पोर मराठी माध्यमात. कार्डावर 'पाणी', पोरगं वाचतं 'पानी'. ते घरी तसंच बोलतं. त्याने ण बघून न वाचला की पाणी बघून आपल्या तोंडचा शब्द उच्चारला? नियम असा आहे की बोलीचा उच्चार ही चूक धरायची नाही, आणि तो बरोबरच आहे, पण मग तक्त्यातला सुटा ण जर त्याने न म्हणून वाचला तर? तिथे तर शब्दच नाही. च चं तेच, चार मधला च वेगळा आणि चारा मधला वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, घरातून येतं, आणि ज्याच्या घरात हिंदी आहे तो दोन्हीकडे एकच च लावतो. अक्षर मात्र त्याने ओळखलेलं असतं.

यावर आम्ही किती भांडलो त्याला हिशेब नाही. ट्रेनिंगच्या दिवशी एका पोराचं रेकॉर्डिंग चौघांना ऐकवलं, सगळ्यांनी एकाच वेळी खुणा केल्या, आणि सगळ्यात जास्त देणाऱ्यात नि सगळ्यात कमी देणाऱ्यात अकरा शब्दांचा फरक आला. पोर तेच, मिनिट तेच. कमी देणारे आमचे एक सहकारी पुण्यात शिकलेले, शुद्धलेखनाचे कडक, त्यांनी प्रत्येक न कापला होता. वर ते म्हणाले, "मग उद्या काहीही बरोबर धरायचं का?" प्रश्न चुकीचा नव्हता. शेवटी एक वही केली, तिला आम्ही भांडणवही म्हणतो, ज्यावर वाद झाला तो प्रत्येक उच्चार त्यात लिहायचा आणि निर्णय लिहायचा. पाणी-पानी बरोबर. सुटा ण न म्हणून वाचला तर चूक, पण वेगळी खूण. अडखळून स्वतःच सुधारलं तर बरोबर. तीन रेकॉर्डिंगनंतर फरक दोन शब्दांवर आला आणि मग कुठे मॅडमनी फील्डवर जायची परवानगी दिली.

उताऱ्याची गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली म्हणून जरा सविस्तर सांगते. पहिल्या मसुद्यात विहीर होती, शेत होतं, आजोबा बैल घेऊन जात होते, जसं असतं तसं. पोरं वाचत होती पण प्रश्न विचारला की गप्प. एकाने विचारलं विहीर म्हणजे टाकी का. म्हणलं चुकलंच, इथल्या पोरांना इथलं द्यायला हवं. नवा उतारा लिहिला, गल्लीतला नळ, हंडे, रांग, पहाटे पाणी येतं, एक मुलगी आईबरोबर रांगेत उभी राहते. मी स्वतःवर खूश. प्रश्न होते, पाणी कधी आलं? मुलगी कोणाबरोबर गेली? तिच्या हातात काय होतं? असे पाच.

बाई शेजारून हे ऐकत होत्या. (याच त्या, पावडरवाल्या पोरी पाठवणाऱ्या.) मधल्या सुट्टीत खिचडीचं भांडं वर्गाकडे सरकवत त्या सहज म्हणाल्या, मॅडम, हे न वाचता पण सांगतील की पोरं. मी म्हणलं कसं शक्य आहे. त्यांनी पहिलीतलं एक पोर बोलावलं, ज्याची अजून अक्षरंच चालू होती, आणि विचारलं, एक मुलगी पाणी भरायला गेली, पाणी कधी आलं असेल रे? "पहाटे." कोणाबरोबर गेली? "मम्मीबरोबर." हातात काय? "हंडा. नाहीतर कॅन." असं करत पाचपैकी चार बरोबर, कार्डाकडे ढुंकूनही न बघता. उतारा न वाचता प्रश्न सुटतात का हे तपासायचं असतं हे मी शिकले होते, परीक्षेत त्यावर टीपही लिहिली होती. केलं मात्र नव्हतं.

मग आम्ही हुशारी केली, गोष्टीत पाणी दुपारी आणलं. आता वाचल्याशिवाय उत्तर येणार नाही. तर एक मुलगी, फार छान वाचणारी, पूर्ण उतारा वाचला, आणि पाणी कधी आलं विचारल्यावर म्हणाली, "पहाटे." मी म्हणलं परत बघ. तिने बघितलं, 'दुपारी' या शब्दावर बोट ठेवलं आणि मला सांगितलं, "हे चुकीचं लिहिलंय. दुपारी पाणी येतच नाही." टॅबवर बरोबर आणि चूक अशा दोनच चौकटी होत्या. आत्ताच्या उताऱ्यात एक मांजर आहे जे शेअर रिक्षात बसून जातं. कोणालाच आधीपासून माहीत नसतं मांजर कुठे उतरणार.

आता शून्याचं. एग्रामध्ये पहिली ओळ, म्हणजे दहा अक्षरं, सगळी चुकली की थांबायचं आणि शून्य लिहायचं, पोराला उगाच छळायचं नाही म्हणून. एका अक्षरावर तीन सेकंद अडलं की पुढचं दाखवायचं. नियम दयाळू आहेत. पण आमच्या पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचपणीत, शून्यं इतकी आली की मी रात्री एक्सेल उघडून तेच तेच बघत बसायचे. मॅडम म्हणाल्या, शून्य लिहा पण शेजारी का ते लिहा. म्हणून आम्ही परत गेलो, शून्यवाल्या एकेका पोराकडे, स्टॉपवॉच न घेता.

एक पोरगा कार्ड नाकाला टेकवून वाचत होता आणि वाचत होता! पहिल्या वेळी कार्ड टेबलावर चिकटवलेलं होतं, उचलायचं नाही असा आमचाच नियम. त्याला वाचनाचा नाही, चष्म्याचा प्रश्न होता. एक मुलगी दोन महिन्यांपूर्वी उर्दू माध्यमातून आलेली, ती उजवीकडून सुरुवात करत होती. एकाला वाटलं टॅबवर त्याचा व्हिडिओ निघतोय आणि तो पप्पांना दाखवणार. आणि एक जण, त्याला मी विसरणार नाही, 'मे' वर बोट ठेवलं की तो सुरात चालू करायचा, म, मा, मि, मी, मु, मू, मे, आणि तिथे थांबून विजयी चेहऱ्याने म्हणायचा "मे!" त्याला बाराखडीच्या पहिल्या घरापासून चालत यावं लागत होतं, पण तो पोचत होता. तीन सेकंदांत नाही पोचायचा. आमच्याकडे त्याच्या नावापुढे शून्य होतं.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल चाचणीच खोटी, पोरांना सगळं येतं. तसं नाहीये, आणि असं म्हणणारे लोक भेटले की मला जास्त राग येतो. फॉन्ट सुधारला, कार्ड हातात दिलं, कमळ-बदक सांभाळून घेतलं, वेळेची अट काढली, तरी बरीच शून्यं शून्यच राहिली. तिसरीतली पोरं, रोज शाळेत येणारी, वही सुंदर अक्षरात भरलेली कारण फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवता येतं, आणि त्याच वहीतला एक शब्द वाच म्हणलं की खाली मान. त्यांच्याबद्दल चाचणी खरं बोलत होती. म्हणून तर बाकीची खोटी शून्यं बाजूला काढायची धडपड, नाहीतर बाई म्हणणार तुमची टेस्टच चुकीची आणि ही पोरं त्या गोंधळात परत मागच्या बाकावर जाणार. आता आमच्या तक्त्यात शून्याचे दोन रकाने आहेत, एक घड्याळाचं शून्य आणि एक घड्याळाशिवायचं. रिपोर्ट तपासणाऱ्या एकांनी विचारलं सरासरी कुठेय. दिलीये, शेवटच्या पानावर आहे.

पाऊस सुरू झाला तशी पोरं कमी झाली, गणपतीला गावी गेलेली काही परत आलीच नाहीत, नाव पटावर, पोर गावाला. दिवाळीनंतर दुसऱ्या फेरीला गेलो तेव्हा एक मुलगी समोर बसली, पहिल्या फेरीत तिला चार-पाच शब्दच जमले होते. कार्ड दिलं आणि ती सुटलीच, मांजर, शेअर रिक्षा, सुट्टे पैसे, सगळं धडाधड, न अडखळता. माझा जीव सुपाएवढा झाला. मग तिच्या बोटाकडे लक्ष गेलं. बोट पहिल्या ओळीवर होतं, तोंड तिसऱ्या. विचारलं तर कळलं की कोणीतरी आमच्या कार्डाची झेरॉक्स काढली होती आणि सगळ्या वर्गाला मांजराची गोष्ट पाठ होती, चालीवर. बाई ओशाळून म्हणाल्या, पोरांना आवडली हो गोष्ट.

त्यामुळे दुसऱ्या फेरीसाठी ब उतारा लिहिला, तितकाच लांब, तितकीच जोडाक्षरं, आणि दोन्ही सारखेच अवघड आहेत का हे बघायला दुसऱ्याच शाळेतल्या पोरांकडून दोन्ही वाचून घेतले. त्यात आता कबुतर आहे. काल छपाईवाल्याकडून नमुना आला, चष्मा लावून एकेक ओळ बघितली. ल पाकळीचाच आहे.